एकत्रित नागरिक सेवा केंद्र: काउंटरच्या आतून वर्षभराचा रिव्ह्यू (५ पैकी अडीच स्टार)

या केंद्राचे जेवढे रिव्ह्यू वाचले तेवढे सगळे टोकन घेऊन खुर्चीत बसलेल्या लोकांनी लिहिलेत. जागा मोठी आहे, रांगेत उभं राहावं लागत नाही, पण काम होत नाही आणि कर्मचारी "ते वरून दुरुस्त होईल" एवढंच सांगतात, असं साधारण सगळ्यांचं म्हणणं. खरं आहे ते. मी काचेच्या आतल्या बाजूला बसते. एकोणीस वर्षं नोकरी झाली, त्यातली अठरा एका छोट्या कार्यालयात आणि शेवटचं एक वर्ष इथे, चार कार्यालयं मोडून एक केलं तेव्हापासून. "वरून दुरुस्त होईल" हे मी स्वतः दिवसातून तीस-चाळीस वेळा म्हणते आणि प्रत्येक वेळी ते म्हणताना जीव खाली-वर होतो, म्हणून वाटलं की एकदा आतून कसं दिसतं तेही कुणीतरी लिहावं. कार्यालयाचं नाव टाकत नाही, आणि खरं तर त्याची गरजही नाही, जिथे जिथे असं विलीनीकरण झालंय तिथल्या काउंटरवरच्या माणसाला हे ओळखीचं वाटेल.

आधी चांगलं सांगते कारण ते खरोखर चांगलं आहे. जुन्या कार्यालयात जन्म-मृत्यू नोंदणीला एकच लिपिक होते. ते आजारी पडले की खिडकी बंद, ते ट्रेनिंगला गेले की खिडकी बंद, त्यांच्या घरी लग्नकार्य असलं की लोकांना आठवडाभर दाखला नाही. लोक लांबून यायचे आणि बंद खिडकी बघून परत जायचे, मी शेजारच्या टेबलावर बसून बघायचे पण ते रजिस्टर माझ्या ताब्यात नव्हतं त्यामुळे हात लावता यायचा नाही. आता सहा काउंटर आहेत, सहाही जणांना सगळी कामं करता येतात, एक रजेवर गेला तर पाच चालू असतात. ही गोष्ट छोटी नाही. विलीनीकरणाला सरसकट नावं ठेवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनाही मी हेच सांगते की ती बंद खिडकी आठवा. शिवाय टोकन मशीनमुळे ओळखीच्या माणसाचं काम आधी करून द्या म्हणून मागून येणारे फोन जवळजवळ थांबलेत, नंबर स्क्रीनवर सगळ्यांसमोर दिसतो, मध्ये कुणाला घुसवता येत नाही, यासाठी तर मी मनापासून आभारी आहे. दाखल्यावर डिजिटल सही येते, साहेब मीटिंगमधून परत येईपर्यंत माणसाला बाकावर बसून राहावं लागत नाही.

तर अडीच स्टार कापले कशासाठी.

पहिलं म्हणजे वेळ. सोमवारी नवीन केंद्र सुरू आणि शुक्रवारी संध्याकाळी ग्रुपवर पीडीएफ आली, कोण कुठल्या टेबलावर. चार रकाने, नाव, जुनं पद, नवीन पद, बसण्याचं ठिकाण. माझ्या नावापुढे ठिकाण होतं. माझ्या ओळीच्या खाली अकरा जण असे होते ज्यांच्या शेवटच्या रकान्यात "नंतर कळविण्यात येईल" लिहिलेलं. त्यातल्या एका ताईंनी मला रात्री साडेदहाला फोन केला, त्यांचा मुलगा शाळेत, सासूबाई अंथरुणावर, त्यांना फक्त एवढंच हवं होतं की सोमवारी सकाळी बस कुठली पकडायची. मला काय माहीत असणार, मी म्हटलं आपल्या जुन्या ऑफिसलाच जा. त्या गेल्या तर तिथे कुलूप होतं. पुनर्रचनेबद्दल कर्मचाऱ्यांना काय वाटतं असं कुणी विचारलं तर मला आधी ते कुलूप आठवतं. लोक समजतात की कर्मचारी बदलाला विरोध करतात, नवीन शिकायला नको म्हणतात. माझा अनुभव तसा नाहीये, काउंटरवरच्या बहुतेकांना बदल झाला तरी चालतो, त्यांना आधी तीन गोष्टी कळायला हव्या असतात, मी कुठे बसणार, माझा साहेब कोण, आणि माझं सर्व्हिस बुक (नोकरीच्या सगळ्या नोंदींचं पुस्तक) कुणाकडे. या तीन गोष्टी वेळेत कळल्या की बाकीचं माणूस निभावून नेतो.

मग मी बाहेर कसं करतात ते वाचायला लागले. डेन्मार्कने १ जानेवारी २००७ ला २७१ नगरपालिकांच्या ९८ केल्या आणि काउंटी, म्हणजे जिल्हा पातळीच्या संस्था, मोडून ५ विभाग केले, आकडा बघितला तर आमच्यापेक्षा कितीतरी मोठी उलथापालथ. पण त्यांनी नोव्हेंबर २००५ मध्येच नवीन हद्दीप्रमाणे निवडणूक घेतली आणि २००६ चं पूर्ण वर्ष त्या निवडून आलेल्या समित्यांनी फक्त जोडणीच्या तयारीत घालवलं. आणि तत्त्व असं की काम जिकडे जाईल तिकडे ते काम करणारा माणूस जाईल. म्हणजे रस्त्याचं काम ज्याच्याकडे गेलं त्याच्याकडे रस्त्याचा माणूस. वाचायला किती साधं वाटतं, पण आमच्याकडे कर आकारणीत अठरा वर्षं घालवलेल्या माणसाला आवक-जावकला बसवलं आणि आवक-जावकवाल्याला कर आकारणी दिली, कारण नवीन आकृतिबंधात, म्हणजे कुठे किती पदं याच्या तक्त्यात, पदं मोजून भरली, त्या पदावर बसलेल्या माणसाला काय येतं हा रकानाच नव्हता.

आता ते "वरून दुरुस्त होईल" कुठून आलं ते सांगते. चारही जुन्या कार्यालयांचे मिळकत क्रमांक एकपासून सुरू होणारे. म्हणजे २१४ नंबरची मिळकत चार ठिकाणी. डेटा एकत्र करताना प्रत्येक नंबराच्या आधी कार्यालयाचा कोड लावायचा ठरलेला आणि बहुतेक ठिकाणी लावलाही, पण एका कार्यालयाच्या काही हजार नोंदींना तो लागलाच नाही. मग एकाची थकबाकी दुसऱ्याच्या नावावर. एक आजोबा आले, हातात प्लॅस्टिकची पिशवी, त्यात रबर लावून ठेवलेल्या पावत्या, वर्षाप्रमाणे लावलेल्या, एकही वर्ष चुकलेलं नाही. स्क्रीनवर सहा वर्षांची थकबाकी आणि वर जप्तीची नोटीस. ते म्हणाले, "ताई, मी मुदतीच्या आधी भरतो दरवर्षी, तुम्ही बघा ना." मी बघितलं, माझ्याच सहीच्या दोन पावत्या त्यात होत्या. जुन्या ऑफिसात असं झालं असतं तर रजिस्टर काढायचं, पावती बुक जुळवायचं, लाल शाईने दुरुस्ती, बाजूला शेरा, अधीक्षकांची सही, अर्ध्या तासात माणूस घरी. नवीन सॉफ्टवेअरमध्ये माझ्या लॉगिनला दुरुस्तीचा अधिकारच नाही. मी तिकीट टाकायचं, म्हणजे दुरुस्तीची ऑनलाइन मागणी, ते मुख्य कार्यालयात जाणार, तिथून कंपनीकडे, कंपनीकडून परत. आजोबांचं तिकीट सुटायला तेवीस दिवस लागले आणि त्या तेवीस दिवसांत ते पाच वेळा आले. शेवटच्या वेळी ते काही बोललेच नाहीत, पिशवी काउंटरवर ठेवली आणि माझ्याकडे बघत बसले. शिव्या खाल्लेल्या परवडतात, पण समोरचा माणूस खरं बोलतोय हे आपल्याला माहीत असून आपल्याला त्याच्यासाठी काही करता येत नाही, हे घरी घेऊन जावं लागतं.

भ्रष्टाचार होऊ नये म्हणून अधिकार वर नेले असं सांगितलं गेलं आणि त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही, लाल शाईचा गैरवापर करणारेही मी पाहिलेत. पण सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदल कुणी कधी केला याची नोंद राहतेच की. मग मर्यादित दुरुस्ती खाली द्या आणि वरून तपासा. सगळंच वर नेलं की वरच्याला दम घ्यायला फुरसत नाही आणि खालच्याला तोंड दाखवायला जागा नाही.

दुसरा प्रसंग सांगते. एक बाई आल्या, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला हवा, कौटुंबिक पेन्शनचं काम अडलेलं. सॉफ्टवेअरमध्ये नाव सापडेना. आम्ही तिघींनी स्पेलिंग बदलून बदलून शोधलं, वर्ष पुढे-मागे करून शोधलं, नाही. नियमाप्रमाणे मी "नोंद आढळत नाही" असं लिहून देऊ शकले असते, तसा पर्याय स्क्रीनवर आहे, बटण दाबायचं. पण त्यांच्याकडे हॉस्पिटलचा कागद होता, तारीख होती, म्हणजे नोंद कुठेतरी असणारच. तेव्हा मला आमच्या जुन्या ऑफिसचे ते जन्म-मृत्यूवाले काका आठवले, ज्यांची खिडकी बंद राहायची म्हणून मी वर तक्रार केली तेच. त्यांना नवीन रचनेत भांडार विभागात पाठवलंय, दुसऱ्या इमारतीत, टेबल-खुर्च्यांचा हिशेब ठेवतात. फोन केला. त्यांनी वर्ष विचारलं आणि म्हणाले, त्या वर्षी पावसाळ्यात मूळ रजिस्टर भिजलं होतं, तीन महिन्यांच्या नोंदी पुरवणी रजिस्टरला केल्यात, हिरव्या पुठ्ठ्याचं, स्कॅनिंगला गेलंच नसेल ते, बॉक्स बघ. दहा मिनिटांत सापडलं. पान, नोंद क्रमांक, सगळं. बाईंनी काच असूनही हात जोडले, मी म्हटलं मला नका, फोनवरच्या काकांना.

ती हिरवी वही असल्याची माहिती कुठल्याच तक्त्यात नव्हती. विलीनीकरणाच्या अहवालात इमारती मोजल्या, गाड्या मोजल्या, संगणक, पदं, देणी-घेणी सगळं मोजलं, मी तो अहवाल पूर्ण वाचलाय. कुणाला काय माहीत आहे हे मोजायला कुणी आलं नाही. त्यासाठी फार काही लागलं नसतं, प्रत्येक टेबलावर एक माणूस दोन दिवस बसवायचा आणि विचारायचं, तुमच्या कामात असं काय आहे जे कागदावर नाही. काकांनी ती वही पहिल्या तासात सांगितली असती.

ट्रेनिंगबद्दल. दोन तास, मोठा हॉल, प्रोजेक्टर, शेवटच्या रांगेतून अक्षर दिसत नव्हतं. शिकवणारा मुलगा हुशार होता, सॉफ्टवेअर त्याला पाठ, पण त्याने दाखवलेल्या उदाहरणात प्रत्येक अर्जदाराकडे सगळी कागदपत्रं होती आणि नावाचं स्पेलिंग सगळीकडे सारखं होतं. एकाने विचारलं की आधारवर एक नाव आणि जुन्या दाखल्यावर दुसरं असेल तर काय करायचं, तो म्हणाला ती केस सध्या डेमोमध्ये नाहीये. आमच्याकडे येणाऱ्यांत तीच केस सर्वांत जास्त. खरं ट्रेनिंग नंतर झालं, दोन नंबर काउंटरवरच्या नवीन मुलीने केलं, नोकरीला दोन वर्षं झालीत तिला, काउंटर बंद झाल्यावर रोज अर्धा तास थांबून आम्हा जुन्या लोकांना एकेक स्क्रीन शिकवली, तिला कुणी सांगितलं नव्हतं, ओव्हरटाइम नव्हता. या केंद्रात जे चाललंय ते अशा अर्ध्या तासांवर चाललंय.

पगार आणि ज्येष्ठता. याबद्दल बाहेर कुणी बोलत नाही पण आत दुसरा विषय नसतो. चार कार्यालयांच्या चार सेवाज्येष्ठता याद्या एकत्र करायच्या तर तारीख कुठली धरायची, नेमणुकीची की बढतीची? छोट्या कार्यालयात बढतीची जागा लवकर रिकामी व्हायची नाही म्हणून माणूस पंधरा वर्षं कनिष्ठ लिपिक, मोठ्या कार्यालयात सात वर्षांत वरिष्ठ. बढतीची तारीख धरली की पंधरा वर्षंवाला सात वर्षंवाल्याच्या खाली. आमच्याकडे तेच झालं, आणि माझ्या शेजारच्या काउंटरवरचे दादा आता अशा माणसाला रजा मागतात ज्याला त्यांनी दहा वर्षांपूर्वी टिपणी लिहायला शिकवलं होतं. दोघेही चांगले, त्यामुळे भांडण नाही, पण दोघांनाही ते अवघड जातं हे मी रोज बघते. भत्त्यांचंही तसंच, एकाच खोलीत एकच काम आणि जुन्या कार्यालयाप्रमाणे वेगवेगळे भत्ते. हे जगभर होतं. टोरांटोमध्ये १ जानेवारी १९९८ ला सहा नगरपालिका आणि त्यांच्या वरची महानगर पातळीची संस्था मिळून एक शहर केलं, बचत होणार म्हणून, आणि मग सगळ्यांचे पगार आणि सेवा एका पातळीवर आणायच्या तर वरच्या पातळीकडेच न्याव्या लागल्या, बचत अपेक्षेएवढी झाली नाही. डेन्मार्कमध्येही नंतरच्या अभ्यासात एकूण खर्च फार कमी झालेला दिसला नाही, काही ठिकाणी कमी झाला तर काही ठिकाणी वाढला. मग "बचत होईल" या एका वाक्यावर जेव्हा लोकांची आयुष्यं हलवली जातात तेव्हा मला राग येतो, आणि तो राग मी लपवत नाही.

उलट्या दिशेनेही हेच दिसतं. दिल्लीत २०१२ मध्ये महापालिकेच्या तीन केल्या, तिन्हींची कमाई सारखी नव्हती, आणि ज्या भागाची कमाई कमी तिथल्या सफाई कामगारांना, शिक्षकांना महिनोन्‌महिने पगार थकल्यामुळे संप करावे लागले. शेवटी २२ मे २०२२ ला तिन्ही परत एक केल्या. दहा वर्षं. माँट्रियलमध्ये २००२ ला जोडलेल्या नगरपालिकांपैकी पंधरा २००६ ला पुन्हा वेगळ्या झाल्या. नकाशावर रेघ ओढली-पुसली जाते, आणि प्रत्येक वेळी सर्व्हिस बुकं गठ्ठ्यात बांधून इकडून तिकडे जातात, त्यातली काही पानं परत सापडत नाहीत. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त बाईंची पेन्शन अशाच दोन हरवलेल्या पानांसाठी अडलीय.

मी काउंटरची बाजू सांगतेय, पण बाहेर फिरणाऱ्यांचं वेगळं आहे आणि ते त्यांनीच सांगावं खरं तर. सफाईच्या मुकादमांशी बोलणं होतं माझं. त्यांना साहेब कोण याने फारसा फरक पडत नाही म्हणाले, त्यांना हजेरीची जागा बदलली याचा त्रास आहे. आधी हजेरी शेड घरापासून चालत होतं, आता सकाळी सहाची हजेरी अशा ठिकाणी की तिथे जायला त्या वेळी गाडीच नाही, बायका पहाटे अंधारात चालत येतात. आणि कंत्राटी लोकांचं तर कुठल्याच पीडीएफमध्ये नाव नव्हतं, त्यांना नवीन ठेकेदार आल्यावर कळलं की आपण आहोत की नाही. उलट आमच्याकडचे तरुण इंजिनीअर खुश आहेत, मोठा विभाग, मोठी कामं, बढतीच्या जास्त जागा, मला त्यांचा आनंद खरा वाटतो. त्यामुळे "कर्मचाऱ्यांना काय वाटतं" याला एक उत्तर नाहीये. ज्याच्यासमोर रोज माणूस उभा असतो त्याला एक वाटतं, ज्याच्यासमोर नकाशा असतो त्याला दुसरं.

आम्हाला विचारलं का? विचारलं. चौथ्या महिन्यात एक ऑनलाइन फॉर्म आला, "आपण बदलासाठी किती तयार आहात", एक ते पाच. लिहायला जागा नव्हती. मी तीन वर टिक केलं, आणि मला आजही कळत नाही त्या तीनचा कुणी काय अर्थ लावला असेल.

हा रिव्ह्यू सहा महिन्यांपूर्वी लिहिला असता तर एक स्टार दिला असता. दीड वाढला तो एका दिवसामुळे. आठव्या महिन्यात नवीन आलेल्या मॅडम, पद मोठं आहे त्यांचं, न सांगता आल्या आणि चार नंबर काउंटरवर माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या, साडेदहा ते दीड. काही बोलल्या नाहीत, वहीत लिहीत होत्या. त्या दिवशी डबल नंबरची, म्हणजे त्या आजोबांसारखी एकाच मिळकत क्रमांकाच्या गोंधळातली, नऊ माणसं आली. नवव्याला मी "वरून दुरुस्त होईल" म्हटलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "हे तुम्ही स्वतः करू शकला असता तर किती वेळ लागला असता?" मी म्हटलं, पावती समोर असेल तर दहा मिनिटं. तीन आठवड्यांनी आमच्या लॉगिनला एक नवीन बटण आलं, पावती स्कॅन करून जोडायची, दोन काउंटरच्या लोकांनी मंजूर करायचं, वर फक्त कळतं. आता डबल नंबरची केस त्याच दिवशी सुटते. मॅडमना जे तीन तासांत दिसलं ते आठ महिने तिथेच होतं.

अजून बरंच बाकी आहे. जपानमध्ये १९९९ ते २०१० च्या दरम्यान ३,२३२ नगरपालिकांच्या १,७२७ झाल्या पण बऱ्याच ठिकाणी जुन्या टाउन हॉलमध्ये शाखा कार्यालय ठेवलं, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला तेच दार उघडं. आमच्या चार जुन्या इमारतींपैकी दोन रिकाम्या आहेत, निदान आठवड्यातून दोन दिवस तिथे एक काउंटर लावा अशी आम्ही सगळ्यांनी सह्या करून मागणी दिलीय, मीही सही केलीय. आणि काकांना भांडारातून परत आणा हीसुद्धा मागणी आहे, ते पुढच्या वर्षी निवृत्त होतायत, त्याआधी त्यांच्याशेजारी कुणीतरी वही घेऊन बसायला हवं. दोन नंबरवरची मुलगी तयार आहे.

तुम्हाला या किंवा अशा कुठल्याही नवीन एकत्र केलेल्या केंद्रात यायचं असेल तर जुन्या पावत्या टाकून देऊ नका, कितीही जुन्या असोत, त्यावरचा जुना मिळकत क्रमांक आणि जुन्या कार्यालयाचा शिक्का लागतो. मृत्यूची किंवा जन्माची नोंद सापडत नाही असं सांगितलं तर लगेच "आढळत नाही" असं लिहून घेऊ नका, आधी विचारा की पुरवणी रजिस्टर बघितलं का. आणि काउंटरवरच्या माणसाला विचारा की तुम्ही आधी कुठल्या ऑफिसला होता. तुमच्याच भागातला कुणी आत असेल तर त्याच्याकडे पाठवायला सांगा, आम्ही पाठवतो, टोकन नंबर बदलायची सोय आहे, फक्त ती कुठे लिहिलेली नाही.